गुण्या, कर्कटक आणि बंद दरवाजा

डोळ्यांवर पट्टी, गळ्यात दोरी, दाराशी नंगी तलवार घेतलेला पहारेकरी आणि जन्मभर पाळायची शपथ. फ्रीमेसनांच्या लॉजमध्ये चालते तरी काय? आणि बंधुभावाची भाषा करणाऱ्या या संस्थेत हिंदी माणसाला आत शिरायला एवढा झगडा का करावा लागला?

बंगळूरहून होसूरच्या रस्त्याने निघाले की इलेक्ट्रॉनिक सिटीनंतर बोम्मसंद्र्याची औद्योगिक वसाहत लागते. ऑगस्ट २०२५ पासून इथवर मेट्रोही येऊ लागली आहे. औषधांचे कारखाने, मोठी रुग्णालये आणि यंत्रांचे सुटे भाग बनवणारी वर्कशॉप्स यांची ही दुनिया. अशा कोणत्याही वर्कशॉपच्या बाकावर एक वस्तू हमखास सापडते, ती म्हणजे गुण्या. काम बरोबर काटकोनात उतरले आहे की नाही, हे कारागीर गुण्या लावून, उजेडासमोर धरून पाहतो. फटीतून उजेड दिसला की काम परत!

हाच गुण्या, त्यावर उघडून ठेवलेले कर्कटक आणि बऱ्याचदा मध्ये इंग्रजी 'जी' हे अक्षर, अशी एक मुद्रा काही इमारतींच्या दारावर, काही गृहस्थांच्या अंगठीवर किंवा मोटारीच्या काचेवर दिसते. शाळेच्या कंपासपेटीतल्या या दोन साध्या वस्तूंनी जगभर जेवढ्या अफवा पिकवल्या, तेवढ्या क्वचितच दुसऱ्या कशाने पिकवल्या असतील. उत्तर हिंदुस्थानात फ्रीमेसनांच्या इमारतीला लोक 'जादूघर' म्हणत. किपलिंगच्या 'किम' कादंबरीतही हा शब्द आला आहे. इराणात तर तिचे नाव पडले 'फरामोशखाना', म्हणजे विसरण्याचे घर. आत काय पाहिले असे विचारले की बाहेर आलेला माणूस म्हणे, "काही आठवत नाही!"

पाथरवटांचे गुपित

फ्रीमेसन या शब्दातला 'मेसन' म्हणजे गवंडी किंवा पाथरवट. मध्ययुगीन युरोपात मोठमोठी दगडी चर्चे बांधायला पिढ्यान्‌पिढ्या लागत. बांधकामाच्या शेजारी कारागिरांची एक खोपी असे. तिथे ते दगड घडवीत, जेवीत, विसावा घेत. या खोपीलाच 'लॉज' म्हणत. लिहिता-वाचता न येणारा कारागीर एका गावाहून दुसऱ्या गावी कामाला गेला, तर तो खरा उस्ताद आहे की नुसताच बोलघेवडा, हे ओळखायचे कसे? कागदाच्या दाखल्याऐवजी हस्तांदोलनाची ठराविक पद्धत, एखादा परवलीचा शब्द अशा खुणा असत, असे सांगितले जाते. मजुरी त्यावर अवलंबून, म्हणून खूण जपायची. गुप्ततेचे मूळ एवढे साधे, पोटापाण्याचे मानले जाते.

पुढे बांधकामे कमी झाली आणि या लॉजमध्ये दगडाला कधी हात न लावलेले सरदार, वैद्य, व्यापारी, विद्वान शिरू लागले. हा बदल नेमका कसा झाला, यावर इतिहासकारांत अजून वाद आहेत. एवढे मात्र पक्के, की २४ जून १७१७ रोजी लंडनमधल्या चार लॉजनी एकत्र येऊन 'ग्रँड लॉज' स्थापन केली अशी संस्थेची परंपरा आहे आणि १७२३ मध्ये जेम्स अँडरसनने तिची घटना छापली. हत्यारे राहिली, काम गेले. गुण्या आता सचोटीचे प्रतीक झाला, ओळंबा सरळ वागण्याचे आणि कर्कटक हे आपल्या वासनांना परिघ आखून देण्याचे.

कंपनी सरकारच्या जहाजांबरोबर ही मंडळी हिंदुस्थानात आली. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यममध्ये १७३० च्या सुमारास पहिली लॉज उभी राहिली, मद्रासला १७५२ मध्ये आणि मुंबईला १७५८ मध्ये.

तीन पायऱ्या

आता आतल्या विधीकडे वळू. यात काही भांडाफोड होते आहे असे मात्र कुणी समजू नये. सॅम्युएल प्रिचर्ड नावाच्या गृहस्थाने १७३० मध्येच हे सारे लंडनच्या बाजारात छापून विकले होते आणि आज तर ते कुठल्याही ग्रंथालयात मिळते.

उमेदवाराला आत नेण्यापूर्वी त्याच्याजवळची नाणी, अंगठी, घड्याळ, धातूची प्रत्येक वस्तू काढून घेतात. डोळ्यांवर पट्टी बांधतात. सदऱ्याची छाती एका बाजूने उघडी, विजारीचा एक पाय गुडघ्यापर्यंत गुंडाळलेला, एका पायात सपाता आणि गळ्यात दोरीचा फास. अशा ध्यानात, हाताला धरून, तो बंद दारावर येतो. बाहेर तलवार घेतलेला पहारेकरी असतो. त्याला 'टायलर' म्हणतात. आत काळ्या-पांढऱ्या चौकटींच्या फरशीवर पूर्वेला लॉजचा प्रमुख बसलेला असतो, कारण सूर्य पूर्वेला उगवतो. दोन वॉर्डनांपैकी एकाची जागा दक्षिणेला, माध्यान्हीची, तर दुसऱ्याची पश्चिमेला, मावळतीची.

शपथ होते, पट्टी सुटते, कमरेला कोकराच्या चामड्याचा शुभ्र एप्रन बांधला जातो. त्यानंतरचा एक प्रसंग मात्र खरोखर विचार करायला लावतो. नव्या सभासदाला सर्वांसमोर उभे करून गरिबांसाठी काहीतरी दान करण्यास सांगतात. तो खिसे चाचपतो. खिशात काय असणार? सारे आधीच काढून घेतलेले! मग त्याला सांगतात, "हा क्षण ध्यानात ठेव. कधी एखादा गरजू तुझ्यासमोर येईल तेव्हा तूही असाच रिकाम्या हातांनी इथे आला होतास, हे आठव." बाकीच्या कर्मकांडाला कुणी नाटकीपणा म्हणेल आणि त्याचे काही चुकणार नाही. पण हा एक धडा नाटकातूनच चांगला कळतो.

ही झाली पहिली डिग्री, म्हणजे शिकाऊ उमेदवाराची. तिची हत्यारे चोवीस इंची पट्टी, हातोडा आणि छिन्नी. पट्टीचे चोवीस इंच म्हणजे दिवसाचे चोवीस तास. त्यांची प्रार्थना, काम, विश्रांती आणि परोपकार यांत वाटणी करायची. समोर दोन दगड ठेवलेले असतात. एक खाणीतून काढलेला ओबडधोबड आणि दुसरा घडवून गुळगुळीत केलेला चिरा. माणसाने स्वतःला कसे घडवावे, हे वेगळे सांगायला नको. दुसरी डिग्री कसबी कारागिराची. तिच्यात भर ज्ञान, विज्ञान आणि भूमितीवर.

तिसरी डिग्री उस्तादाची, 'मास्टर मेसन'ची. हा एक छोटा नाट्यप्रवेशच आहे. राजा सॉलोमनच्या मंदिराचा मुख्य शिल्पी हिराम याच्याकडून गुपित काढून घेण्यासाठी तीन कारागीर त्याला गाठतात. तो बोलत नाही आणि मारला जातो. उमेदवाराला हिरामच्या जागी आडवे व्हावे लागते आणि मग विशिष्ट पकडीने त्याला उठवले जाते. बायबलमध्ये हिराम नावाचा धातुकामाचा कसबी येतो, पण त्याच्या खुनाची कथा तिथे नाही. ती मेसनांनीच रचली. मरणाला सामोरे जाताना दिलेला शब्द मोडायचा नाही, एवढाच तिचा मथितार्थ.

'तेहतिसाव्या डिग्रीचा मेसन' ही भानगड अनेकांनी ऐकलेली असते. ती स्कॉटिश राइट या जोडशाखेतली मोजणी आहे. मूळ फ्रीमेसनरीत तिसरीच्या वर काही नाही. या शपथांमध्ये पूर्वी गळा चिरण्यासारख्या भयंकर शिक्षांचा उच्चार असे. त्या कधी कुणाला द्यायच्या नव्हत्याच, पण ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा. इंग्लंडच्या ग्रँड लॉजने १९८६ मध्ये शपथेतून ही वाक्ये काढून टाकायचे ठरवले.

सभासद कोण होऊ शकतो?

पुरुष, वयाने सज्ञान (भारतात सर्वसाधारणपणे २१ वर्षांचा), चांगल्या चालीचा आणि ईश्वरावर श्रद्धा असणारा. कोणत्या ईश्वरावर, हे विचारले जात नाही. विधीत देवाला 'विश्वाचा महान शिल्पकार' म्हणतात. आपल्याकडच्या सुतार-लोहारांना विश्वकर्मा ठाऊकच आहे, तेव्हा ही कल्पना आपल्याला परकी वाटू नये. भारतातल्या लॉजमध्ये गीता, कुराण, बायबल, अवेस्ता, गुरू ग्रंथसाहिब असे अनेक धर्मग्रंथ मांडलेले असतात आणि ज्याने त्याने आपल्या ग्रंथावर शपथ घ्यायची. लॉजमध्ये राजकारण आणि धर्म या दोन विषयांवर वाद घालण्यास सक्त मनाई. हा नियम आपल्या काही कुटुंबांतही लागू करण्याजोगा आहे!

दोन सभासदांनी नाव सुचवायचे, मग चौकशी, मुलाखत आणि शेवटी गुप्त मतदान. पेटीत पांढरी गोळी टाकली तर होकार, काळी टाकली तर नकार. मोजक्या काळ्या गोळ्यांनी, काही ठिकाणी तर एकाच गोळीने, उमेदवार बाद होतो. प्रवेशशुल्क, वर्षाची वर्गणी आणि सभेनंतरच्या जेवणाचा खर्च असतो, त्यामुळे ही मंडळी बहुधा खात्यापित्या घरची. डॉक्टर, वकील, कारखानदार, फौजेतले अधिकारी.

एका डिग्रीतून दुसरीत जायला काही आठवडे तरी थांबावे लागते. याचे आपल्या ओळखीचे उदाहरण म्हणजे नरेंद्रनाथ दत्त, अर्थात पुढचे स्वामी विवेकानंद. कलकत्त्याच्या 'अँकर अँड होप' लॉजमध्ये १९ फेब्रुवारी १८८४ रोजी त्यांनी पहिली, १५ एप्रिलला दुसरी आणि २० मेला तिसरी डिग्री घेतली. तेव्हा ते २१ वर्षांचे होते. पहिली डिग्री घेतली त्याच महिन्यात वडील वारले आणि घरावर आभाळ कोसळले. त्यानंतरची त्यांची वाट सर्वांना ठाऊक आहे.

दारावर अडवलेले दोघे

बावीस वर्षांचाही नसलेला एक बंगाली तरुण सहज आत गेला, याचे कारण त्याच्या आधी काहींनी दारावर धडका मारल्या होत्या. सर्व माणसे भाऊ, असे संस्थेची घटना सांगत होती. हिंदुस्थानातले गोरे मेसन मात्र ही घटना आपल्यापुरती वाचत होते. अर्काटच्या नवाबाचा मुलगा उम्दत-उल-उमरा याला अठराव्या शतकाच्या आठव्या दशकात प्रवेश मिळाला. पण तो पडला राजपुत्र आणि कंपनीला त्याची गरज होती. सामान्य नेटिवाचे काय?

मुंबईत भायखळ्याच्या पुलांजवळ 'खडा पारशी' नावाचा उंच पुतळा आहे. तो शेठ कर्सेटजी माणेकजी यांचा. तो उभारणारे त्यांचे चिरंजीव माणेकजी कर्सेटजी हे मोठे सुधारक. मुलींना इंग्रजी शिक्षण मिळावे म्हणून झटणारे, 'अलेक्झांड्रा' या मुलींच्या शाळेचे संस्थापक. या विद्वान, श्रीमंत, इंग्रजांच्या उठबशीतल्या गृहस्थाला फ्रीमेसन व्हायचे होते. मुंबईच्या लॉजने त्यांना घेतले नाही. माणेकजी हटले नाहीत. युरोपला गेले असता १८४२ मध्ये त्यांनी पॅरिसच्या लॉजमध्ये दीक्षा घेतली आणि अधिकृत मेसन होऊन परत आले. आता नियमाप्रमाणे ते कोणत्याही लॉजमध्ये 'भाऊ' होते. तरीही मुंबईच्या गोऱ्या भावांनी त्यांच्यासाठी दार उघडले नाही.

तिढा सोडवला डॉ. जेम्स बर्न्स याने. हा कंपनीच्या नोकरीतला स्कॉटिश डॉक्टर. काबूलला १८४१ मध्ये मारल्या गेलेल्या अलेक्झांडर बर्न्सचा भाऊ. पश्चिम हिंदुस्थानातल्या स्कॉटिश लॉजचा तो प्रमुख होता. जुनी लॉज हिंदी माणसांना घेत नसेल तर नवी काढू, असे म्हणून त्याने १५ डिसेंबर १८४३ रोजी मुंबईत 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' ही लॉज स्थापन केली. पारशी आणि मुसलमान गृहस्थ इथे दीक्षा घेऊ लागले. पुढे संशोधक खरशेदजी रुस्तमजी कामा याच लॉजमध्ये आले. दादाभाई नौरोजीही फ्रीमेसन होते. तोडगा चांगलाच होता, पण त्यातली मेख लपण्यासारखी नाही. बंधुभाव मान्य झाला तो वेगळ्या घरात. जुन्या घराचा उंबरठा तसाच राहिला.

हिंदूंची अडचण आणखी वेगळी सांगितली जाई. कलकत्त्याचे व्यापारी प्रसन्नकुमार दत्त यांनी १८६३ मध्ये अर्ज केला. बंगालच्या जिल्हा ग्रँड लॉजचा एक पोटनियम पुढे करण्यात आला, की प्रमुखाच्या परवानगीशिवाय कुणा आशियाई माणसाला घेऊ नये. आक्षेप दोन. हिंदू अनेक देव मानतात, मग ते एका 'महान शिल्पकारा'वर श्रद्धा कशी ठेवणार? आणि जे आपल्याच धर्माच्या माणसाबरोबर जेवत नाहीत, ते आम्हाला भाऊ काय मानणार?

पहिला आक्षेप अज्ञानाचा होता. दुसरा मात्र आपल्याला झोंबायलाच हवा. रंगभेद पाळणाऱ्यांनी जातिभेदाकडे बोट दाखवावे हा ढोंगीपणा खरा, पण बोट ज्याच्याकडे दाखवले ते काही खोटे नव्हते. दत्तांनी हात जोडले नाहीत. संस्थेची छापील घटना समोर ठेवून ते भांडत राहिले. अनेक देव म्हणजे एकाच परमेश्वराची रूपे, हे समजावीत राहिले. हा झगडा नऊ वर्षे चालला. शेवटी १८७२ मध्ये त्यांना दीक्षा मिळाली.

मुंबई इलाख्यातही यानंतर वारे फिरले. १८७७ मध्ये मुंबईत 'आर्यन' ही लॉज निघाली, ती प्रामुख्याने हिंदूंसाठी. म्हणजे पुन्हा वेगळे घर आलेच! लाहोरच्या 'होप अँड पर्सिव्हरन्स' लॉजमध्ये १८८६ साली वीस वर्षांचा रुडयार्ड किपलिंग खास परवानगीने दाखल झाला. तिथे हिंदू, मुसलमान, शीख, ज्यू भाऊ आपल्याबरोबर बसत, ही आठवण त्याने आयुष्यभर अभिमानाने सांगितली. 'द मदर लॉज' ही त्याची कविता त्यावरच आहे. पण हाच किपलिंग गोऱ्यांच्या साम्राज्याचा भाट होता. लॉजमधला भाऊ दार ओलांडून रस्त्यावर आला की पुन्हा साहेब होई आणि दुसरा भाऊ नेटिव. मुंबईच्या यॉट क्लबात आणि भायखळा क्लबात हिंदी माणसाला सभासद म्हणून जागा नव्हतीच. त्या मानाने लॉजमध्ये दोन तास शेजारी बसायला मिळणे ही मोठी गोष्ट मानायची की थट्टा? मोतीलाल नेहरूंपासून राजगोपालाचारींपर्यंत अनेक राष्ट्रवादी मंडळी या लॉजमध्ये गेली, याचा अर्थ त्यांना त्या दोन तासांचे मोल वाटत असावे.

सैतानाची पूजा आणि इतर थापा

बंद दारामागे काहीतरी वाईटच चालत असणार, हे मानवी स्वभावाला धरून आहे. फ्रान्समध्ये लिओ ताक्सिल या लेखकाने मेसन सैतानाची पूजा करतात अशी रसभरीत पुस्तके १८८५ पासून लिहिली. ती हातोहात खपली. भल्याभल्यांनी, धर्मगुरूंनीही त्यांवर विश्वास ठेवला. मग १९ एप्रिल १८९७ रोजी पॅरिसमध्ये भरसभेत त्याने सांगून टाकले, की हे सगळे मी मनाने रचले! सभेत गोंधळ उडाला. गंमत म्हणजे, त्याने कबुली देऊन सव्वाशे वर्षे होऊन गेली, तरी त्याच थापा आज मोबाइलवर नव्या वेष्टनात फिरत असतात.

पण सगळाच धूर विनाआगीचा नव्हता. अमेरिकेत विल्यम मॉर्गन हा मेसनांची गुपिते छापायला निघाला आणि १८२६ मध्ये त्याला पळवून नेण्यात आले. तो पुन्हा कधी दिसला नाही. त्या संतापातून मेसनविरोधी राजकीय पक्षच उभा राहिला. इटलीत 'पी-टू' नावाच्या लॉजची मान्यता १९७६ मध्ये काढून घेतली होती, तरी लिचो जेल्ली हा इसम ती गुपचूप चालवीत राहिला. १९८१ मध्ये पोलिसांना तिच्या सभासदांची यादी सापडली. तीत मंत्री, सेनाधिकारी, गुप्तहेर खात्याचे प्रमुख, बँकवाले! सरकार कोसळले. म्हणजे धोका एप्रनात किंवा तलवारीत नाही. सत्तेवरची माणसे एकमेकांचे उपकार फेडायला बंद खोलीत बसू लागली, तर त्या खोलीला लॉज म्हणा, क्लब म्हणा की सहकारी संस्थेचे विश्रामगृह म्हणा, परिणाम तोच.

कॅथलिक चर्चने १७३८ पासून आपल्या अनुयायांना मेसन होण्यास मनाई केली आहे. ती मनाई १९८३ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये कायम असल्याचे सांगितले गेले. पाकिस्तानात १९७२ मध्ये सरकारने लॉजना टाळे ठोकले. भारतात तसे काही झाले नाही. २४ नोव्हेंबर १९६१ रोजी नवी दिल्लीत 'ग्रँड लॉज ऑफ इंडिया' स्थापन झाली आणि रामपूरचे नवाब रझा अली खान तिचे पहिले ग्रँड मास्टर झाले. काही लॉजनी इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंडशी असलेले जुने नाते तसेच ठेवले. आज या ग्रँड लॉजखाली चारशेहून अधिक लॉज आणि वीस हजारांहून अधिक सभासद आहेत. कारभाराचे चार विभाग आहेत. महाराष्ट्र मुंबईच्या पश्चिम विभागात, तर बंगळूर, म्हणजे बोम्मसंद्राही, चेन्नईच्या दक्षिण विभागात येते. पत्ते, पदाधिकाऱ्यांची नावे, धर्मादाय कामे, सारे उघड आहे. कोइमतूरचे मुलांचे मेसॉनिक रुग्णालय दक्षिणेत चांगलेच परिचित आहे.

बायकोला सांगायचे की नाही?

नियमित फ्रीमेसनरीत स्त्रियांना प्रवेश नाही. जुन्या पाथरवटांत स्त्रिया नव्हत्या, हे त्याचे दिले जाणारे कारण. दगड तरी आता कुठे कुणी फोडतो आहे, असे कुणी विचारले तर समाधानकारक उत्तर मिळत नाही. फ्रान्समध्ये १८९३ मध्ये स्त्रीपुरुष दोघांना घेणारी वेगळी शाखा निघाली. अ‍ॅनी बेझंट यांनी १९०२ मध्ये तिची दीक्षा घेतली आणि थिऑसॉफीच्या मंडळींमार्फत ती भारतात रुजवली. जुन्या लॉज मात्र तिला मानत नाहीत.

तेव्हा नवरा महिन्यातून एक संध्याकाळ काळा कोट घालून, हातात लहानशी बॅग घेऊन बाहेर पडतो आणि बॅगेत काय आहे, हे घरात कुणाला ठाऊक नसते, अशी स्थिती पूर्वी बऱ्याच घरांत असे. आता बऱ्याच लॉज उमेदवाराच्या घरी जाऊन पत्नीचा विचार घेतात. आपण मेसन आहोत, कुठे जातो, कधी परततो, किती वर्गणी भरतो, हे घरी सांगायला कोणतीही शपथ आड येत नाही. गुप्त आहेत त्या केवळ ओळखीच्या खुणा आणि शब्द. पैशाचा हिशेब त्यांत मोडत नाही, हे गृहिणींनी ध्यानात ठेवलेले बरे.

अलीकडे 'अमुक रक्कम भरा, गुप्त मंडळाचे सभासद व्हा, रातोरात श्रीमंत व्हा' असे निरोप अनोळखी नंबरांवरून येतात. त्यात 'इल्युमिनाटी'चे नाव असते आणि बहुधा गुण्या-कर्कटकाचे चित्रही. इल्युमिनाटी ही १७७६ मध्ये बव्हेरियात निघालेली आणि दहाएक वर्षांतच सरकारने मोडून काढलेली एक वेगळीच मंडळी. तिच्या नावावर आज पैसे मागणारा भामटाच असतो. खऱ्या लॉजमध्ये कुणी अशी जाहिरात देऊन सभासद गोळा करीत नाही, सभासदत्वाबरोबर पैसा मिळेल असे वचन देत नाही आणि चेहरा न पाहता कुणाला घेत नाही. ज्याला खरोखर जायचे आहे त्याने स्वतः विचारायचे असते. मग दोन माणसे घरी येतात, चहा घेतात, बरेच प्रश्न विचारतात. त्यांतला एक ठरलेलाच असतो, "यातून तुम्हाला काही फायदा होईल असे वाटते का?" याला 'हो' म्हणणाऱ्याचा अर्ज सहसा तिथेच थांबतो.